लिआंगसाहेबांचा सत्कार

लिआंगसाहेबांचे चीनमध्ये औषधांचे मोठमोठे कारखाने होते आणि तिकडचे ते पुढारीही होते. असा माणूस गोखिवऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये येणार म्हणून ॲन्सेल्मने मे महिन्यात लग्नातला कोट चढवला होता. चीनची ऑर्डर मिळाली तर त्याचा कॅप्सूलचा कारखाना तगणार होता, नाहीतर टाळं.

पाहुण्यांसमोर नळ कोरडे पडू नयेत म्हणून मागच्या चाळीचा टँकर त्याने परस्पर आपल्याकडे वळवला. चाळीला हे कळलं, आणि येणारा माणूस पुढारी आहे हेही कळलं. पुढारी कुठला, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

साहेबांची गाडी फाटकाशी आली आणि रिकामे हंडे आडवे झाले. पुढे चाळीतली आशालता, हातात शाल आणि नारळ.

"आधी सत्कार, मग शिव्या," ती बायकांना म्हणाली. "वळण नाही म्हणायला नको कोणी."

"आशाताई, ते चीनचे आहेत हो!" ॲन्सेल्म कळवळला.

"मग? चीनला तहान लागत नाही?"

शाल पांघरून, नारळ कवटाळून साहेबांनी सगळं ऐकलं. दुभाष्याने सांगितलं, "पाणी नाही म्हणतात." साहेबांचा चेहरा एकदम खुलला. सकाळपासून लोक त्यांना यंत्रं दाखवत होते. हे काम त्यांच्या हातचं होतं. तिथेच त्यांनी भाषण ठोकलं.

"दोन महिन्यांत घरोघरी पाणी!" दुभाषा ओरडला.

"आमचा पुढारीपण हेच सांगतो!" आशालता म्हणाली. तरी बायकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

मग साहेबांनी विचारलं, टँकर आहे कुठे?

ॲन्सेल्म पुढे आला. "माझ्याकडे. तुम्हाला नळ चालू दिसावेत म्हणून आणला." आता ऑर्डर गेलीच, असं त्याने धरलं.

साहेबांनी टँकर बाहेर आणवला, बाह्या सरसावल्या आणि पाइप स्वतः धरला. आधी हंडे भरले, मग बादल्या, मग ॲन्सेल्मचा कोट. प्रत्येक हंड्याबरोबर फोटो. तेवढ्यात विमानाची वेळ झाली. कारखाना बघायचा राहूनच गेला. साहेबांनी एका पालथ्या बादलीवर ऑर्डरचा कागद ठेवून सही ठोकली. अट एकच: फोटो मोठे करून पाठवायचे, तिकडे पक्षाच्या समितीवर पुढच्या वर्षी पुन्हा निवडून यायचं होतं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर आशालताने हंडा कमरेवर घेतला.

"ॲन्सेल्मभाऊ, माणूस कामाचा वाटतो. आपल्याकडनं उभा राहील का?"

"विचारून बघतो," ओल्याचिंब ॲन्सेल्मने सांगितलं.