गुणाचं औषध

कोळशावरच्या वीजकेंद्रात चिमणीची राख अडवणारं यंत्र चालवायचं काम बटनमास्तरकडे होतं. चालवायचं म्हणजे बहुतेक दिवस बंद ठेवायचं. "ते मेलं आपलीच वीज खातं," असं मोठे साहेब म्हणायचे, आणि साहेबापुढे शहाणपण कुणाचं चालतं?

तपासणीवाले आले की मात्र यंत्र सुरू. यावेळी ते चांगले तीन दिवस मुक्काम ठोकून बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो चिमणीच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या घरी जेवायला आला, तर वर्षभर उशीला टेकून बसलेली आई चक्क अंगण झाडत होती. खोकला नाही, धाप नाही. दोरीवरची चादरसुद्धा पांढरीच्या पांढरी.

"अरे, डॉक्टरांचं नवं औषध काय गुणाचं आहे! तुझं लग्न बघूनच जाते बघ आता," आई हसली. "बाटली संपत आलीय. येताना हीच आण, भलतीच कुठली उचलून आणू नकोस."

त्याने दोरीवरच्या चादरीकडे पाहिलं, मग चिमणीकडे. "आणतो," एवढंच तो म्हणाला.

तो कामावर परतला तेव्हा तपासणीवाल्यांची गाडी फाटकाबाहेर पडत होती. साहेबांनी खिडकीतूनच हात हलवला, बंद कर. त्याने बटन दाबलं. बोटाला सवयच होती.

संध्याकाळी तो औषधाच्या दोन बाटल्या घेऊन घरी पोचला. आई दाराची चौकट धरून उभी होती.

"दे रे लवकर," ती खोकत खोकत म्हणाली. "दुपारचं घ्यायला विसरले मेली. माझीच चूक."