मकबूल नालबंदाच्या पोटातली सुपारी

मी बोलतोय. की बोलतेय म्हणू? इथंच माझा पहिला घोटाळा होतो. डॉक्टर मला ग्रंथी म्हणतात, म्हणजे मी बाई झाले. पण सापडते फक्त पुरुषांच्या पोटात. म्हणून मी आपला पुरुषासारखं बोलतो. तुम्हाला खटकलं तर सोडून द्या.

नाव प्रोस्टेट. मुक्काम मूत्राशयाच्या खाली, आकार मोठ्या सुपारीएवढा. माझा मालक भूमचा मकबूल नालबंद. बाजाराच्या दिवशी लोक त्याच्याकडं बैल आणायचे. दोरीचा एक फास, एक हिसका, की डोंगराएवढा बैल आडवा. मग चारी पाय बांधून तो खुरांना नाल ठोकायचा.

मी तिथं आत बसून नेमकं काय काम करायचो, ते विचारू नका. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. काळजाच्या नावानं लोक शपथा घेतात, पोटाला हात लावून खोटंनाटं सांगतात. माझा पत्ता खुद्द मकबूललाही ठाऊक नव्हता.

साठीच्या अलीकडं मी कडक व्हायला लागलो. का, ते मला अजून कळलेलं नाही. पण माझा दरारा काय वाढला म्हणता! भूम-बार्शी एस्टी माझ्या हुकमावर थांबायला लागली. बाभूळ दिसली की मकबूल लघवीला उठायचा आणि कंडक्टर मुकाट्यानं घंटी ओढायचा. एकदा तर दर बाभळीला थांबत गाडी बार्शीला पोचली, तेव्हा मागून निघालेली बैलगाडी माल उतरवून परत निघाली होती. मी आत होतो, त्यामुळं शपथेवर सांगत नाही.

शेवटी त्याची बायको शरिफाबी त्याला ओढतच सोलापूरच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी हातमोजा घालून मागच्या वाटेनं मला चाचपलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझी विचारपूस केली, आणि त्याचंच तोंड उतरलं. त्यांनी माझा एक तुकडा काढून काचेखाली पाहिला. मग दोघांना समोर बसवलं.

"मकबूलमियाँ, ही कॅन्सरची गाठ आहे. अजून हाडात उतरलेली नाही, म्हणून हातात वेळ आहे. प्रोस्टेट काढावी लागेल."

मकबूल विचारात पडला. "साहेब, स्टेट तर कवाच गेली. निजाम गेला, हैदराबाद गेलं, आता आमाला मुंबई राज्यात घातलंय. आणखी कुठली स्टेट काढता?"

शरिफाबीनं कोपर मारलं. "राजकारन न्हाय ते. तुमच्या पोटातलं बोलायलेत."

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. मकबूलला जनावराचं अंग आतून-बाहेरून पाठ. चित्रातली जागा पाहिली आणि तो ताडकन उठला.

"म्हंजे मला बडवनार."

बडवणं म्हणजे वळूचा बैल करणं, हे सोलापूरच्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. "नाही. बैलाचं जे ठेचतात, ते तुमचं जागेवर राहील. मी फक्त आतली गाठ काढणार."

"मग नंतर घरात... समदं पयल्यासारखं?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. "बहुतेक नाही. लघवीसुद्धा काही महिने आपोआप गळेल. पण जगाल."

"मग बडवल्यात अन् यात फरक काय ऱ्हायला?"

मीही कान टवकारले. मलाही ते जाणून घ्यायचं होतं. डॉक्टरांनी चित्रातल्या गाठीवर पुन्हा बोट ठेवलं. नवरा-बायको तसेच भूमला परत आले.

बाजारात हिंमतराव पाटलांनी बैलजोडी आणली होती. त्यांना बातमी आधीच लागलेली. "काय मियाँ, आजवर आमचे बैल आडवे पाडले. आता तुमची पाळी म्हनं." सगळे हसले. मकबूलही हसला, पण हातोडी नालावर न पडता अंगठ्यावर पडली.

"मी न्हाय जानार," तो घरी येऊन म्हणाला. "मरंन तर आख्खा मरंन."

आता माझी पंचाईत बघा. तो नाही म्हणाला तर मी राहणार, आणि काही दिवसांनी आम्ही दोघंही जाणार. हो म्हणाला तर तो राहणार, मी जाणार. माणसानं अशा वेळी कुणाची बाजू घ्यावी? मी तर माणूसही नव्हतो.

शरिफाबी ज्वारी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाजारात इतके बैल येतेत. समदे बडवलेलेच न्हवं?"

"व्हय."

"पोळ्याला शिंगं रंगवून कुनाला मिरवतेत? त्यांनाच. अन् वळूला दगडं मारून पिकातनं हाकलतेत. मला घरात मानूस पायजे. वळू गावात लई हायेत."

मकबूलनं सुपातला एक खडा उचलून फेकला. मग म्हणाला, "म्हंजे तू माझी शिंगं रंगवनार?"

"रंगवीन की. आधी तुमी तर ऱ्हावा."

मग तो गेला. टेबलावर चढताना त्यानं एकच अट घातली. "साहेब, पाय बांधू नका. जनावर त्यालाच भेतं." डॉक्टरांनी पाय बांधले नाहीत, पाठीत भुलीची सुई दिली. थोड्या वेळानं मकबूल घाबरून विचारू लागला, "पाय हायेत का तेबी काढले?"

"आहेत," डॉक्टर म्हणाले.

आणि मग एकदम उजेड. मला वाटलं, मी जन्मलो. मरणाला असंच वाटत असेल तर माझी काही तक्रार नाही.

तेव्हापासून मी इथं डॉक्टरांच्या खोलीत, काचेच्या बरणीत, औषधाच्या पाण्यात आहे. समोर भिंत, भिंतीवर घड्याळ, तेही बंद. मी वाईट होतो की नुसता बिघडलो होतो, हे मला विचारायला इथं कुणी नाही. पुरुष मंडळींनो, तुमच्याही पोटात माझा एक भाऊ बसलाय. त्यानं अडवणूक सुरू केली की बाजारात सल्ला विचारत बसू नका, आणि लाजू तर अजिबात नका. वेळेत दाखवा. तो माझ्यासारखाच असेल. त्यालाही आपण काय करतोय ते कळत नसेल.

पुढच्या उन्हाळ्यात मकबूल तपासणीला आला. ताठ चालत होता. लेंग्यावर ओल होती आणि शरिफाबीच्या पिशवीत दुसरा लेंगा होता. डॉक्टरांनी हाडांचा फोटो उजेडाकडं धरला. "स्वच्छ आहे," ते म्हणाले. मग त्यांनी मकबूलला माझ्यापुढं आणून उभं केलं.

"हीच का?"

"हीच."

मकबूलनं वाकून, डोळे बारीक करून मला पाहिलं. "एवढीशीच हाय," तो म्हणाला.

"चला," शरिफाबी म्हणाली, "एस्टी चुकंल."

दारात थांबून त्यानं मागं वळून कपाळाला हात लावला. डॉक्टर माझ्या बरणीला खेटूनच उभे होते, त्यामुळं तो सलाम त्यांना होता की मला, ते सांगता येत नाही. मी मात्र घेतला.