बांधापलीकडची फवारणी

आमचे हे आणि धाकटे भावजी, दोघांच्या रानांमध्ये एक बांध. वाटणी झाल्यापासून दोघांत शब्द नाही. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही धड आठवायचं नाही, पण अबोला मात्र जिवापाड जपलेला.

भावजी लेकीच्या बाळंतपणाला गेले आणि त्यांच्या मक्यात लष्करी अळी दिसली. पानांना भोकं, मधल्या कोवळ्या पानांच्या पोंग्यात अळीचा भुसा. यांना जेवण जाईना. "त्याचा मका जाईल गं," म्हणत बांधावर येरझाऱ्या.

"मग फोन करा ना," मी म्हटलं.

"मी का करू? काम झालेलं बघेल, तेव्हा आपणहून बोलेल."

हटवादी माणूस! आपल्या पिकासाठी आणलेलं औषध पंपात भरलं आणि भावाचं अख्खं रान फवारलं. घरी आले ते कंबर धरून, पण चेहरा असा खुललेला की मीही चहात साखर जास्त घातली. म्हटलं, संपला एकदाचा वनवास.

भावजी परतले, रानात जाऊन आले आणि थेट आमच्या अंगणात उभे राहिले. इतक्या वर्षांनी! मी खुर्ची आणायला धावले.

"मीच फवारलं," हे हसत म्हणाले.

भावजींच्या हातात कागदाची एक पट्टी होती. "ही पानांखाली टाचली होती मी. अळीची अंडी संपवणाऱ्या बारीक माश्या यातून निघतात. फवाऱ्याने त्या सगळ्या मेल्या. अळ्या पोंग्यात मजेत आहेत." मग ती पट्टी त्यांनी यांच्यासमोर धरली. "दादा, माझं पीक बुडवून तुला काय मिळालं रे?"

मी तोंड उघडलं, तर यांनी हात वर करून मला गप्प केलं. सांगून टाकायचं होतं हो, मायेपोटी केलं म्हणून! पण स्वतःची बाजू मांडणं या माणसाला जन्मात जमलं नाही. भावजी पट्टी ओट्यावर टाकून निघाले. मी हाक मारली, ते थांबले नाहीत. मला अजून हळहळ वाटते. एक फोन, नुसता एक फोन केला असता तर.

यांनी ओट्यावरची पट्टी उचलली, उलटसुलट करून पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "'दादा' म्हणाला मला. ऐकलंस ना?"