सुभद्राबाईची जबानी

"काही लपवू नका, बाई. पोटात असेल ते सगळं सांगा. या खोलीत बोललेलं या खोलीतच राहतं. तुम्ही, मी आणि भिंतीवरचा हा गणपती. चौथं कुणी नाही."

केशोराव वकिलांचा तो मऊ, समजूतदार आवाज सुभद्राबाईच्या कानांतून अजून जात नव्हता. गोंदियाच्या कचेरीच्या ओसरीत ती खांबाला टेकून बसली होती.  पदराआडून गळ्यातली तुळशीची माळ ती चाचपत होती, पण नाम ओठांवर ठरत नव्हतं. मधेच तुटायचं आणि कान चपराशाच्या पुकाऱ्याकडे लागायचे.

आज ती फिर्यादी नव्हती की आरोपी नव्हती. चौकशी वकिलाचीच होती. अशिलाचं गुपित विरुद्ध पक्षाला सांगितलं, असा केशोरावांवर ठपका होता, आणि तो खरा ठरला तर त्यांची सनद जाणार होती. ती अशील म्हणजे सुभद्राबाई, आणि साक्षीदारही तीच.

"माय, पानी पेतेस काय?" प्रेमिलानं लोटा पुढे केला. चौदा वर्षांची पोर. एकटीनं जाऊ नको म्हणून हट्टानं सोबत आली होती.

"नको. तू त्या झाडाखाली बस जाय. इकडं अंदर येऊ नको."

"काऊन?"

"मी सांगतो म्हनून."

"भेऊन तं अशी राहिलीस, जशी तुलेच फाशी देनार आहेत!" पोर हसली आणि लोटा घेऊन झाडाकडे गेली.

ती सावलीत बसेपर्यंत सुभद्राबाई तिच्या पाठीकडे पाहत होती.

नवरा गेल्यावर तलावाखालच्या शेतावर दिरानं, भोजराजनं, हक्क सांगितला होता. म्हणून आपल्या मुर्री गावाहून ती केशोरावांकडे आली. त्या आवाजावर विसंबून तिनं नवऱ्याखेरीज कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट त्यांच्यापुढे ठेवली: प्रेमिला तिच्या पोटची नव्हती. धाकटी बहीण रुख्मिणी लग्नाआधीच अडकली, तेव्हा सुभद्राबाई तिला घेऊन दूर रानाकडच्या मामाच्या गावी राहिली होती आणि परतली ती बाळ आपलं म्हणून घेऊन. पुढे रुख्मिणीचं देवरीला लग्न झालं. आता तिचं भरलं घर होतं. प्रेमिलाला यातलं काही माहीत नव्हतं.

महिना उलटायच्या आत भोजराज खळ्यावर आला. बैल हाकता हाकता बोलावं तसं बोलला, "वयनी, शेत सोडतेस, का गावाले सांगू तुही पोरगी कोनाची आहे ते?"

तलावाखालचं शेत सोडून देणाऱ्या तडजोडीच्या कागदावर तिनं अंगठा उठवला; वरचा एक तुकडा तेवढा उरला. केशोरावांनी भोजराजचं दुसरं, मोठं काम हाती घेतलं होतं हे तिला मागून कळलं. ते कळलं त्या दिवशी कचेरीच्या पायरीवर ती रडत बसली असताना म्हातारे वकील दुलीचंद तिथून जात होते. "क्यों रोती हो, बाई?" म्हणून थांबले. गुपित काय ते त्यांनी विचारलं नाही. फुटलं एवढंच ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वकील ही ऐसा करे, तो गरीब जाए किसके पास?" त्यांनीच जज्जसाहेबांना लिहून दिलं. रागाच्या भरात ती हो म्हणाली होती. भीती मागून आली. वकिलानं काय फोडलं हे दाखवायचं, तर ते आपल्याच तोंडानं सगळ्यांसमोर बोलायचं!

आणि काल दुपारी निर्मलाबाई आल्या, केशोरावांची बायको. सुभद्राबाई अंगण सारवत होती. दारात बैलांची दमणी थांबली. उतरणाऱ्या बाईच्या कपाळावरचं कुंकू घामानं पसरलं होतं.

"सुभद्राबाई, यांना अन्न गोड लागत नाही हो. ताटावर बसतात नि उठतात. सनद गेली तर या गावात आम्ही तोंड कुठं दाखवायचं? तुम्ही एवढंच म्हणा, मी काही सांगितलंच नव्हतं. म्हणजे तुमचंही झाकलेलं झाकलेलं राहील."

विनवणीच होती ती. पण बोलता बोलता निर्मलाबाईंची नजर पाणी भरणाऱ्या प्रेमिलाकडे वळली आणि जरा जास्तच वेळ तिथं राहिली. सुभद्राबाईच्या हातातलं शेण तसंच राहिलं. म्हणजे या बाईलाही ठाऊक आहे! आणखी कुणाकुणाला ठाऊक असेल?

"सुभद्राबाई हाजिर है?"

ती उठली. पदर सावरून आत गेली.

आत जज्जसाहेब, लिहून घेणारा कारकून, दुलीचंद, भोजराज आणि टेबलाशी उभे केशोराव. शपथ तिनं इतकी हळू घेतली की कारकुनाला ऐकू गेली नाही. पुन्हा घ्यावी लागली. रोज देवापुढे दिवा लावून नेम पाळणाऱ्या बाईला ती शपथ तोंडदेखली नव्हती.

"या वकिलांना तुम्ही तुमची काही खासगी गोष्ट सांगितली होती?"

"होय जी."

"कोणती?"

तिनं गळ्यातली माळ मुठीत धरली. पंख्याची दोरी ओढणाऱ्याचा हातही मंदावल्यासारखा वाटला.

"सायेब, सांगितली होती. देवाची आन. माह्या दिराजोड ती यायच्याच तोंडून गेली. पन काय होती ते मी बोलनार नाही. मंग मले जेलात टाका."

"जेलात कुणी टाकत नाही. गुपित तुमचं आहे, उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं," जज्जसाहेब सावकाश म्हणाले. "पण मग ते यांनीच फोडलं, हे मी कशावरून मानू?"

 सुटणार हा माणूस, तिच्या मनात आलं. उद्या दुसरी कुणी बाई त्या गणपतीखाली बसेल. तिनं केशोरावांकडे पाहिलं आणि चमकली. तेही भ्याले होते. तिच्यासारखेच. कोटाची गुंडी पिरगाळत होते. नुसते गप्प उभे राहिले असते तर कदाचित सुटलेही असते. पण भ्यालेल्या माणसाला गप्प राहवत नाही.

"महाराज!" ते पुढे आले. "ही बोलत नाही, कारण हिचं बिंग फुटेल. मी भोजराजला सावध केलं ते न्यायासाठीच. ही कोर्टाला फसवत होती. ती मुलगी हिची नाहीच! ती हिच्या..."

"बस!" जज्जसाहेबांचा तळहात टेबलावर आपटला. कारकुनाचा टाक थांबला. "केशोराव, आत्ता तुम्ही माझ्यादेखत काय केलंत, समजलं का तुम्हांला?"

 केशोरावांचा हात मागे खुर्ची शोधू लागला.

"बाई, तुमचं काम झालं. या तुम्ही."

सुभद्राबाई वळली. दारात प्रेमिला उभी होती. दोन्ही हातांनी लोटा धरलेला. पाण्याचा थेंबही तिनं सांडू दिला नव्हता.

मुर्रीच्या वाटेवर पोर लोटा धरून पुढे पुढे चालत होती. सुभद्राबाईला वाटलं, रड, ओरड, काहीतरी कर माय. तलावाच्या पाळीवर प्रेमिला थांबली.

"कोनाची आहो मी?"

खोटं बोलणं अजूनही जमलं असतं. नाव तर कुणी घेतलं नव्हतं.

"माह्या बहिनीची. देवरीच्या."

"म्हनून कधी येत नव्हती ती?" पोरीनं लोट्यातलं पाणी पाळीवर ओतून टाकलं. "बाबाले मालूम होतं?"

"पयल्या दिसापासून. खांद्यावर घेऊन गावभर फिरला होता तुले."

"मले तिच्याकडं ने."

"घर मोडन तिचं, पोरी! तिच्या मानसाले काही मालूम नाही."

"मी काही बोलनार नाही. नुसती पाहीन."

 पोरीच्या डोळ्यांत असं काही होतं की सुभद्राबाईला नाही म्हणवलं नाही. "धान घरात आलं का नेतो," ती म्हणाली. "वचन देतो तुले."

धान कापणीला आलं तेव्हा दुलीचंदांनी निरोप धाडला. नागपूरला हायकोर्ट होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. तिथून हुकूम आला होता. केशोरावांची सनद दोन वर्षं बंद. गावात कुणी म्हणालं, "जिरवलीस वो बाई वकिलाची!" सुभद्राबाईला आनंद झाला नाही. भोजराजला आता कचेरीचा धाक होता, तो गप्प होता. पण किती दिवस? कुत्रं भुंकलं तरी ती दचकून दाराकडे पाहायची.

कार्तिकात गोंदियाच्या देवळात निर्मलाबाई दिसल्या. एकट्याच होत्या. सुभद्राबाईला पाहून बाजूला सरकल्या, देवापुढे जागा करून दिली आणि मान खाली घालून निघून गेल्या. त्या घरासाठीही सुभद्राबाईनं हात जोडले. राग गेला नव्हता, तरी जोडले.

मग एका सोमवारी, उपास असूनही, तिनं पहाटेच चूल पेटवली. पोरीसाठी भाकरी केली, पोह्यांची पुरचुंडी बांधली. आमगावपर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी. प्रेमिलाची वेणी घालताना तिची बोटं जड झाली. कपाळावर केसांचं तेच वळण, रुख्मिणीचं. तिथं कुणाच्या नजरेला आलं तर? तिनं पोरीचा पदर कपाळावर जरा पुढे ओढला. पोरीनं ओढू दिला.

बाहेर पडल्या तेव्हा शेजारची यशोदाबाई अंगण झाडत होती.

"एवढ्या सकाळी कोठी जाऊन राहिल्या वो मायलेकी?"

सुभद्राबाई लावलेली कडी पुन्हा चाचपू लागली.

"देवरीले," प्रेमिला म्हणाली. "मावशीले पाहाले जाऊन राहिलो."

आणि पुरचुंडी काखेत धरून ती चालू लागली.