सोनूबाईने धुतलेला टी-शर्ट

लहूचं तेरावं झालं आणि त्याच्या थोरल्या बहिणीने, सोनूबाईने, सहदेवला मनोरीला बोलावून घेतलं. भावाचा हा ‘मित्र’ जोगेश्वरीच्या खोलीत त्याच्याबरोबर इतकी वर्षं का राहतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण त्याला घरात पाटावर बसवलं ते आज पहिल्यांदा.

सहदेव एकाच आशेने आला होता. आजारपणात लहूबरोबर त्याची ट्रंक गावी आली होती आणि तिच्यात तो टी-शर्ट होता. समलिंगी माणसांना गुन्हेगार ठरवणारं कलम हटवा म्हणून दोघं पहिल्यांदा मोर्चात चालले, त्या दिवशीचा. बरोबरच्या सगळ्यांनी त्यावर बॉलपेनने सह्या केल्या होत्या. साकीनाक्याच्या कारखान्यातल्या रतनने तर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं. पुढे रतन गेला आणि घरच्यांनी त्याचे फोटोसुद्धा जाळून टाकले. तोंडाला रुमाल बांधून आलेल्यांनीही गळ्यापाशी बारीक अक्षरांत का होईना, नाव टाकलं होतं. लहूने तो शर्ट कधी पाण्यात घातला नाही.

जेवण झाल्यावर सोनूबाई ताट घेऊन आली. ताटात नारळ, आणि कडक इस्त्री केलेला पांढराशुभ्र टी-शर्ट.

“बाकीचे कपडे वाटून टाकले. हा तेवढा तुझ्यासाठी ठेवला.”

सहदेवने घडी उलगडली. पुढे काही नाही. मागे काही नाही.

“गेलेल्याचा कपडा तसाच कसा देणार रे? सुतकातला. ब्लीच घातलं, दगडावर घासला, मग नीळ. पोराटोरांनी कसल्या रेघोट्या मारलेल्या, देवा! हात भरून आले माझे.”

“ताई...” एवढंच तो म्हणाला.

“नवरा गेला की बायकोला माहेरचे साडी देतात.” सोनूबाई ताटाकडे बघत बोलत होती. “तुला काय द्यायचं, मला कळेना. कुणाला विचारणार? तुझ्याकडचं कोण येणारे?”

यानंतर तिच्यावर ओरडायचं तरी कुठल्या तोंडाने?

“छान निघालाय, ताई,” तो म्हणाला. “फार मळला होता.”

“मग घाल ना!”

त्याने घातला. पोटावर ताणला गेला. तिने खांद्यावरची सुरकुती हाताने सारखी केली आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

परतीच्या बोटीत सहदेव मनातल्या मनात नावं म्हणू लागला. रतन, छातीवर डावीकडे. पाठीवर मानसी, तिच्याखाली तो घाटकोपरचा शिंपी, परेश. आणि गळ्यापाशी? मुलुंडहून आलेली, रुमालातून फक्त डोळे दिसणारी ती मुलगी. वेलांटी लांबलचक काढली होती तिने. पण कुठल्या अक्षरावर? लहूने पटकन सांगितलं असतं.

त्याने पुन्हा रतनपासून सुरुवात केली. या खेपेला पाठीवरचंही एक कमी भरलं.

“ओ काका, मार्वे आलं! उतरा की, का परत मनोरीला जायचंय?”

बोट रिकामी झाली होती. सहदेव उठला.