चकाकत्या सांध्याच्या पोटातली चीर

मी एक जुना सांधा आहे. वाशीम स्टेशनाच्या पूर्णा जंक्शनकडच्या बाजूला गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा पोलादी सांधा. मित्रांनो, तुम्ही खिडकीत बसून शेंगा फोडता आणि अख्खी गाडी माझ्यासारख्याच्या अंगावरून वळते, हे तुमच्या गावीही नसतं!

रूळ तपासणारा नथ्थू मला रोज हातोडीने ठोकायचा आणि कान द्यायचा. "खणखणीत हाय गड्या," म्हणायचा. नथ्थू वारला. पण त्याची हातोडी माझ्यात अजून वाजते, जवळ कुणी नसतानाही. मला तिची भीती वाटते.

मी झिजलो, तेव्हा मला कारखान्यात नेलं. लेझरच्या झोतात पोलादाची भुकटी वितळवून माझ्या कडेवर थर चढवला. काय चिवट कातडं ते! चाकं घासून घासून दमली, ओरखडा उठेना. साहेब खूश, रूळ सांभाळणारी कामगारांची गँग खूश. खाली जुन्या पोलादात मात्र एक बारीक चीर होती. ती तशीच जिवंत पुरली गेली. दर गाडीगणिक ती आत सरकायची. मी कितीही ओरडलो तरी वर नुसती चकाकी दिसायची.

खंडेनवमीला गँगने अवजारं पुजली. नथ्थूच्या जागी लागलेली त्याची मुलगी सुप्रिया रूळ पाहायला निघाली. तिने हातोडीकडे हात नेला, तसा गणेश मुकादम खेकसला, "पुजेचं हत्यार आज उचलत नाहीत, माय! नुसतं पाहून ये. नवा थर हाय, त्याले काय धाड भरली?"

ती आली, वाकली, हात फिरवला. गुळगुळीत! ती परत वळली. हिंगोलीकडची गाडी यायची होती.

तेवढ्यात नथ्थूची हातोडी माझ्यात वाजली. ठण. ठण. मग भद्द.

सुप्रिया थबकली. "बाबा?" मागे कुणीच नव्हतं. ती धावत गेली, हळदकुंकवासकट हातोडी घेऊन आली आणि मला ठोकलं. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. मागून धावत आलेला गणेश चिडलाच होता. आवाज ऐकला आणि त्याने लाल झेंडी काढून तिच्या हाती दिली.

गाडी थांबली. खिडक्यांतून ओरडा सुरू झाला, "काहून थांबवली बे? कायले उशीर करून राह्यले?"

मला काढून भंगारात टाकलं, त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, गाडी कधी मध्येच थांबली तर शिव्या देऊ नका. खाली झेंडी घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे एकदा पाहा. तिने नुकताच रूळ ठोकून कान दिलेला असतो.