खंजिरी कुठे गेली

“ब्रदर डूली, आमच्या चर्चमध्ये मासे कोण तळतंय?” यूलाने हेडफोन काढून विचारलं.

मी हसलो. ती हसली नाही.

“आईची खंजिरी कुठाय यात? नुसतं चर्र चर्र वाजतंय.”

तिची आई, सिस्टर बर्निस, मार्चमध्ये गेली. गळा फाटका, म्हणून आधीच्या पाद्रीबाबांनी तिच्या हाती खंजिरी दिली होती. एकतीस वर्षं ती गायकांच्या दुसऱ्या रांगेत डावीकडे उभी राहून वाजवत राहिली. आता चर्चला शंभर वर्षं होताहेत, त्याची रेकॉर्ड निघणार आहे, आणि अठ्ठ्याण्णव साली माझ्याच स्टुडिओत घेतलेली चार गाणी तीत जायची आहेत. रेकॉर्ड बनवणारा स्टुडिओ मेम्फिसच्या पार त्या टोकाला. तिथलं म्हातारं यंत्र जुन्या स्टुडिओ फॉरमॅटशिवाय दुसरं काही तोंडात घेत नाही. म्हणून मी माझ्याकडच्या एमपीथ्री त्या फॉरमॅटमध्ये बदलून एका डिस्कवर दिल्या. फाइली अकरापट फुगल्या. पण ढगळ कोट चढवला म्हणून वाळलेला माणूस बाळसं धरत नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं. एमपीथ्री करताना यंत्र आवाजातलं जे फेकून देतं ते परत येत नसतं, आणि खंजिरीच्या चकत्यांची बारीक छनछन त्यात पहिली जाते.

माझ्या कानांना मात्र सगळं ठीक वाटलं होतं. वय सदुसष्ट. स्वयंपाकघरातला टायमर कोकलत असतो आणि बायको ओरडते तेव्हा मला कळतं.

“मूळ फाइली लावा ना,” यूला म्हणाली.

“याच मूळ.”

इतकं सहज बोलून गेलो की माझं मलाच नवल वाटलं. खरी गोष्ट अशी, की दोन हजार चार साली संगणकाची डिस्क भरली होती आणि एका गाद्यांच्या दुकानाची जाहिरात घाईची होती. चर्चच्या गाण्यांच्या एमपीथ्री केल्या आणि मूळ पुसून टाकलं. एवढं बारीक कोण ऐकतंय, असं तेव्हा स्वतःशीच म्हणालो होतो.

रेकॉर्डच्या वेष्टनावर फोटो हवा म्हणून यूलाने आईची खंजिरी सोबत आणली होती. ती टेबलावर पडली होती. तिच्याकडे बघत यूला म्हणाली, “म्हणजे आई अशीच वाजवायची. लोक म्हणायचे, बर्निस नुसती खडखडवते. मी भांडायचे त्यांच्याशी. लहान होते, मला काय कळत होतं!”

माझं पाप मेलेल्या बाईच्या माथी चाललं होतं.

“थांब,” मी म्हणालो. “तुझी आई एक ठोका चुकली नाही कधी. ड्रमवाला लेस्टर वाहवत जायचा आणि तिच्याकडे बघून जागेवर यायचा. मूळ मी पुसलं, यूला. जाहिरातीला जागा हवी होती म्हणून.”

“तुम्ही?”

“मीच.”

“आणि आत्ता तोंडावर खोटं बोललात. माझ्या बाप्तिस्म्याला पहिल्या बाकावर बसला होतात ना तुम्ही?”

तिने डिस्कची डबी माझ्यापुढे सरकवली. “ही ओळ कोरी का?”

एका स्टुडिओतून दुसरीकडे काही गेलं की ते कशावरून घेतलं हे डबीवर लिहून सही करायची, ही आमच्या धंद्यातली रीत. चाळीस वर्षांत ती ओळ मी पहिल्यांदाच सोडली होती. पेन घेतलं आणि लिहिलं: एमपीथ्रीवरून. मूळ मी पुसलं. ए. डूली.

“अजून लिहा. खंजिरी, बर्निस गेन्स.”

लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

तिने डबी पिशवीत टाकली. मग खंजिरी उचलली आणि माझ्या कानाशी धरून वाजवली. चकत्या थरथरताना दिसल्या.

“हा आवाज होता. येतोय ऐकू?”

हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

“फक्त थाप,” मी म्हणालो.

ती खुर्चीला वळसा घालून माझ्या दुसऱ्या बाजूला आली आणि त्या कानाशी वाजवू लागली.